ऋतुकालाचे गणित

भाद्रपद शुद्ध षष्ठीचा दिवस उजाडण्यापूर्वीच काशीच्या दक्षिण टोकाकडील भदैनी मोहल्ल्यात माणसांच्या रांगा लागलेल्या असतात. पूर्व उत्तर प्रदेश व बिहार येथील खेड्यापाड्यांतून आलेली ही जोडपी असतात. अस्सी आणि तुलसीघाट यांच्या मधल्या भागात, गंगेपासून थोड्याच अंतरावर, दगडी पायऱ्यांचे एक खोल कुंड आहे. त्यास लोलार्क कुंड म्हणतात. अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या पतिपत्नींनी या दिवशी त्यात एकत्र स्नान करावे, अंगावरची ओली वस्त्रे तेथेच सोडावी, एखादे फळ किंवा भाजी अर्पण करावी आणि मूल होईपर्यंत ते फळ खाऊ नये, अशी रूढी आहे. पायऱ्या उभ्या व अरुंद, पाणी खाली खोल आणि गर्दी अपार. पंचवीस वर्षांची नववधू व चाळिशी ओलांडलेली बाई एकाच पायरीवर उभ्या असतात. दोघींच्या चेहऱ्यावरचा भाव मात्र सारखा नसतो.

काशीखंडात या स्थानाची कथा आहे. काशीच्या दर्शनाने सूर्याचे मन लोल, म्हणजे चंचल झाले, म्हणून येथला सूर्य तो लोलार्क. कुंडाच्या जीर्णोद्धाराशी अहल्याबाई होळकर आणि कूचबिहारचे राजे यांची नावे जोडली जातात. मराठी माणसास काशीत पावलोपावली आपल्या माणसांच्या खुणा भेटतात, त्यांतलीच ही एक. पण या कुंडाशी मराठी मनाचा आणखीही एक धागा आहे. लोलार्क षष्ठीच्या आदल्या दिवशी पंचांगात ऋषिपंचमी असते. मासिक धर्माच्या काळात नकळत झालेल्या स्पर्शदोषाच्या परिमार्जनासाठी महाराष्ट्रातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या हे व्रत करीत आल्या आहेत. बैलाच्या श्रमाचे काही न खाता त्या ऋषीची भाजी शिजवितात. एका तिथीस ज्या ऋतुधर्माबद्दल क्षमा मागावयाची, त्याच ऋतुधर्माच्या फळासाठी दुसऱ्या तिथीस हात जोडावयाचे, असा हा योग आहे. ज्या गोष्टीबद्दल घरात मोकळेपणाने कधी बोललेच गेले नाही, तिचा हिशेब बिनचूक ठेवणे स्त्रीस कसे जमावे, हा प्रश्न या दोन तिथींच्या मधोमध उभा आहे.

मूल न होण्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. याच भदैनी परिसरात, चिमाजी अप्पांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांबे यांच्या घरी एक कन्या जन्मास आली व तिचे नाव मणिकर्णिका ठेवण्यात आले. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधररावांशी विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली. १८५१ मध्ये तिला पुत्र झाला, परंतु तो काही महिन्यांतच दगावला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला. तो दत्तक इंग्रजांनी मानला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. सामान्य घरात राज्य जात नाही, पण बाईचे घरातले स्थान जाते. डोहाळजेवणाच्या पंगतीत तिला मागे बसविले जाते, सवत आणण्याच्या गोष्टी तिच्यासमोर बोलल्या जातात, आणि हे सारे बहुधा दोघांपैकी कोणाचीही वैद्यकीय तपासणी झालेली नसताना! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगातील सहा प्रौढांपैकी एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. तेव्हा ही काही एखाद्या घराची लाज नव्हे.

या विषयाचा शास्त्रीय विचारही काशीस नवा नाही. सुश्रुतसंहितेचा उपदेश काशिराज दिवोदास धन्वंतरीच्या मुखी घातलेला आहे. तिच्या शारीरस्थानात गर्भोत्पत्तीची चार अंगे सांगितली आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, चांगली जमीन, पुरेसे पाणी आणि निरोगी बी असली म्हणजे जसा अंकुर फुटतो, तसाच गर्भ राहतो, असा त्याचा दृष्टांत. शेतकऱ्यास हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही मांडणी आजही उपयोगी पडते. पाळीचे दिवस हा ऋतूचा विषय, वजन व आहार हा अंबूचा, आणि व्यायामाचा संबंध दोन्हींशी येतो. फरक एवढाच, की यांतील प्रत्येक शब्दामागचे गणित आता पुष्कळ स्पष्ट झाले आहे आणि काही बाबतींत ते जुन्या समजुतीच्या उलटही निघाले आहे.

ऋतूचेच पाहावे. सुश्रुताने ऋतुकाल बारा रात्रींचा मानला, स्मृतिकारांनी सोळा रात्रींचा. गणना रजोदर्शनाच्या पहिल्या दिवसापासून. ज्या स्त्रीची पाळी अठ्ठावीस ते तीस दिवसांची आहे, तिला सोळा रात्रींचा हिशेब बऱ्याच अंशी लागू पडतो. जुन्यांचे निरीक्षण अगदीच चुकले होते असे म्हणता येत नाही. परंतु ज्या स्त्रीची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिचे काय? या प्रश्नाचे उत्तर मिळावयास विसावे शतक उजाडावे लागले. जपानमधील नीईगाता शहरात क्यूसाकू ओगिनो नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. पोटाच्या शस्त्रक्रिया करताना त्यांनी बीजकोशांची स्थिती पाहिली, ती त्या त्या स्त्रीच्या पाळीच्या तारखांशी ताडून पाहिली आणि १९२४ मध्ये एक साधा पण क्रांतिकारक निष्कर्ष मांडला. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीपासून मोजावयाचा नसतो. तो पुढच्या पाळीपासून उलट मोजावयाचा असतो. पुढील पाळी येण्याच्या बारा ते सोळा दिवस आधी बीज सुटते, असे त्यांस आढळले. त्याच दशकात ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षास आले. पुढे जगाने या शोधाचा उपयोग मुख्यतः गर्भ टाळण्यासाठी केला. त्या कामी ही रीत भरवशाची नाही असे स्वतः ओगिनो सांगत राहिले, पण पद्धतीस नाव मात्र त्यांचेच चिकटले.

उलट मोजण्याचे हे तत्त्व एकदा ध्यानी आले, की पाळीच्या लांबीचे महत्त्व आपोआप उलगडते. बीज सुटल्यानंतरचा काळ बहुतेक स्त्रियांत बारा ते चौदा दिवसांच्या आसपास असतो व त्यात चढउतार कमी असतो. लांबी बदलते ती मुख्यतः बीज पक्व होण्याच्या पहिल्या भागाची. म्हणून चोवीस दिवसांच्या पाळीत बीज दहाव्या-अकराव्या दिवशी सुटू शकते, तर पस्तीस दिवसांच्या पाळीत ते विसाव्या-एकविसाव्या दिवसापर्यंत लांबते. अशा स्त्रीने ‘चौदावा दिवस’ धरून बसणे, किंवा सोळा रात्री संपल्या म्हणून आशा सोडणे, म्हणजे गाडी फलाटावर येण्यापूर्वीच स्टेशनातून परत फिरण्यासारखे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे सव्वा लाख स्त्रियांच्या सहा लाखांहून अधिक पाळ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाळीची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली आणि नेमक्या अठ्ठावीस दिवसांच्या पाळ्या शंभरांत केवळ तेरा आढळल्या. पाठ्यपुस्तकातील अठ्ठावीस दिवसांची स्त्री प्रत्यक्षात अल्पसंख्य आहे! जाता जाता सांगावयाचे, तर ही सरासरी चांद्रमासाच्या साडेएकोणतीस दिवसांशी जवळजवळ जुळते. त्यामुळे तिथीने पाळी लक्षात ठेवणाऱ्या आज्यांचा हिशेब फारसा चुकत नसे. त्यावरून चंद्रच पाळी चालवितो असे अनुमान मात्र कोणी काढू नये.

गर्भ राहण्यास अनुकूल दिवस किती? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात २२१ स्त्रियांची दररोज तपासणी करून १९९५ मध्ये ॲलन विल्कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले, की असे दिवस सहा: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते, स्त्रीबीज मात्र सुटल्यावर एका दिवसाच्या आतच निकामी होते. म्हणून बीज सुटल्याची खूण पटल्यानंतर धावपळ करण्यात अर्थ नसतो. बीज येण्यापूर्वी शुक्रजंतू वाट पाहत असले पाहिजेत. विल्कॉक्स यांच्याच पुढील कामात असेही दिसले, की हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आतच येतात अशा स्त्रिया साधारण तीस टक्केच असतात. नियमित पाळीच्या स्त्रियांतही हा बीजदिन काही वेळा अनपेक्षितपणे पुढे-मागे होतो. प्रवास, ताप, जागरण, घरातले आजारपण अशी कारणे त्यामागे असू शकतात.

यास व्यवहारात सोपा उपाय आहे. पाळी संपल्यापासून पुढे दर एक-दोन दिवसांनी पतिपत्नींचा संबंध राहिला, तर तारखांचे गणित करण्याची फारशी गरजच उरत नाही. ज्यांस नोकरीमुळे दूर राहावे लागते त्यांनी मात्र खुणा ओळखाव्यात. बीजदिनापूर्वी योनिमार्गातील स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक व तार धरणारा होतो. ही खूण फुकट मिळते आणि चांगली असते. बीज सुटल्यानंतर सकाळच्या देहोष्णतेत सुमारे तीन ते पाच दशांश अंश सेल्सिअसने वाढ होते. पण ती मागाहून कळते, म्हणून तिचा उपयोग पुढच्या महिन्याच्या अंदाजापुरताच. औषधांच्या दुकानात लघवी तपासण्याच्या पट्ट्याही मिळतात. भ्रमणध्वनीवरील पंचांगे तर आता घरोघर झाली आहेत. ती बहुधा मागील पाळ्यांच्या सरासरीवर भाकीत करतात आणि अनियमित पाळी असलेल्या स्त्रीचे भाकीत त्यांनाही नीट करता येत नाही.

अनियमितपणा हीच मुळी लक्ष देण्याजोगी गोष्ट होय. साधारणतः एकवीस ते पस्तीस दिवसांच्या दरम्यान येणारी पाळी स्वाभाविक समजतात. दोन-अडीच महिन्यांनी एकदा येणारी पाळी म्हणजे वर्षाला बारा-तेरा संधींऐवजी पाच-सहा संधी, आणि त्यांतही प्रत्येक वेळी बीज सुटतेच असे नाही. याचे सर्वांत सामान्य कारण ‘पीसीओएस’ या आद्याक्षरांनी आता सर्वतोमुखी झाले आहे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. बीजकोशात लहान लहान पुटके जमतात, एकही बीज पूर्ण पिकत नाही, पुरुषी अंतःस्राव वाढतात, चेहऱ्यावर लव येते आणि शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. उलट, पूर्वी तीस दिवसांनी येणारी पाळी वयाच्या छत्तिसाव्या-अडतिसाव्या वर्षी चोवीस दिवसांवर आली, तर बीजसाठा कमी होत चालल्याची ती सूचना असू शकते. ‘पाळी लवकर येते म्हणजे प्रकृती उत्तम’ अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. ती खरी नव्हे.

आता अंबूकडे, म्हणजे देहाच्या पोषणाकडे वळावे. भूक आणि गर्भधारणा यांचे नाते हिंदुस्थानने फार कठोर प्रयोगशाळेत पाहिले आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाखा व वऱ्हाड येथील जन्ममृत्यूच्या नोंदी लोकसंख्याशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यासल्या. अन्नधान्य महागले, की त्यानंतर काही महिन्यांनी जन्मसंख्या कोसळते आणि दुष्काळ सरल्यावर पुन्हा उसळी घेते, असे त्यांत दिसते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी कोंडी केलेल्या हॉलंडमध्येही हेच घडले. स्त्रियांची पाळी बंद झाली आणि नऊ महिन्यांनी जन्माचा आकडा एकदम उतरला. शरीराचा हा दोष नव्हे. स्वतःच्या पोटाची भ्रांत असताना दुसऱ्या जिवास पोसण्याचे काम मेंदू लांबणीवर टाकतो.

मेंदूस हे कळते कसे? हार्वर्ड विद्यापीठातील रोझ फ्रिश यांनी १९७४ मध्ये असे मत मांडले, की पाळी सुरू होण्यास आणि टिकण्यास देहात चरबीचे एक किमान प्रमाण लागते. नेमक्या टक्केवारीचा त्यांचा आग्रह पुढे टिकला नाही, परंतु मूळ दिशा बरोबर ठरली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात व कोठारात किती धान्य शिल्लक आहे याची वर्दी मेंदूस देतात. ही वर्दी क्षीण झाली, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र पिट्युटरी ग्रंथीस द्यावयाचे ठोके मंद करते, पिट्युटरी बीजकोशास जागे करीत नाही, आणि पाळी लांबते किंवा थांबते. येथे केवळ चरबी मोजून भागत नाही. दिवसभरात खाल्लेल्या अन्नातून श्रमाचा खर्च वजा जाता शरीराच्या नित्य कामासाठी किती उरते, यालाही तितकेच महत्त्व आहे. अमेरिकेतील ॲन लाउक्स यांनी तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगांत ही शिल्लक पाच दिवस ठरावीक मर्यादेखाली ठेवली, तेवढ्यानेदेखील पिट्युटरीच्या ठोक्यांची लय बिघडलेली दिसली. हरितालिकेच्या एका दिवसाच्या उपासाने काही बिघडत नाही. परंतु आठवड्यातून तीन वार उपास, उरलेल्या दिवशी सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले जेवण आणि दिवसभर कष्ट, अशा बाईची शिल्लक महिनोन्‌महिने तुटीतच जाते. तिला कोणी आजारी म्हणत नाही आणि तीही स्वतःस आजारी समजत नाही.

वजन योग्य की अयोग्य हे ठरविण्यासाठी उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक काढतात: किलोंमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. पाच फूट उंचीच्या स्त्रीस हा हिशेब लावला, तर ४३ किलोंच्या खाली ती कृश ठरते. ५८ किलोंच्या वर गेली, की निर्देशांक २५ च्या पुढे जातो. भारतीयांच्या देहात त्याच वजनास चरबी अधिक, आणि तीही पोटाभोवती असते. त्यामुळे आपल्याकडे २३ च्या पुढे, म्हणजे या स्त्रीच्या बाबतीत साडेत्रेपन्न किलोंच्या आसपासच, सावध व्हावे असे वैद्यकतज्ज्ञ सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के कृश आणि २४ टक्के स्थूल किंवा वजनदार आढळल्या. एकाच देशात, कित्येकदा एकाच गल्लीत, दोन्ही टोके नांदत आहेत. चरकाने अतिस्थूल व अतिकृश या दोघांनाही निंद्य देहांच्या एकाच यादीत बसविले होते याची येथे आठवण होते.

स्थूलपणाची हानी कृशतेपेक्षा वेगळ्या वाटेने येते. चरबी जास्त झाली, की इन्शुलिनचे प्रमाण वाढते, त्याच्या प्रभावाने बीजकोश पुरुषी अंतःस्राव अधिक निर्माण करतात आणि बीज पिकण्याचे काम अर्धवट राहते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत बीज न सुटल्यामुळे येणारे वंध्यत्व २० ते २४ निर्देशांकाच्या स्त्रियांत सर्वांत कमी व दोन्ही बाजूंस अधिक आढळले. अशा वंध्यत्वाचा अदमासे चौथा हिस्सा स्थूलतेकडे आणि आठवा हिस्सा कृशतेकडे जातो, असे त्या संशोधकांनी २००२ मध्ये गणित मांडले. दिलासा देणारी गोष्ट ही, की बीजोत्सर्ग पुन्हा सुरू होण्यास आदर्श वजन गाठावेच लागते असे नाही. सत्तर किलो वजनाच्या पीसीओएस असलेल्या स्त्रीने साडेतीन ते सात किलो उतरविले, म्हणजे मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के, तर पुष्कळ वेळा पाळी नियमित होऊ लागते.

तरीही येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ‘आधी वजन उतरवा, मग या’ असे म्हणून स्त्रीस दवाखान्याच्या दारातून परत पाठविणे सोपे असते, पण त्यास पुराव्याचा पुरता आधार नाही. हॉलंडमध्ये ५७७ स्थूल स्त्रियांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उपचारांपूर्वी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम केलेल्या गटात उपचारांविना गर्भ राहण्याचे प्रमाण वाढले. परंतु निरोगी, पूर्ण दिवसांचे मूल नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण दोन वर्षांत वाढले नाही. अमेरिकेतील २०२२ च्या प्रयोगातही वजन झपाट्याने उतरविल्याने जिवंत मूल होण्याचे प्रमाण वाढले नाही. ज्यांच्या पाळीत बिघाड आहे त्यांस वजन उतरविण्याचा लाभ अधिक. ज्यांची पाळी घड्याळासारखी चालते त्यांस तो कमी. आणि सदतिसाव्या वर्षी वजन उतरविण्यात दीड वर्ष घालविले, तर वयाने होणारी हानी त्या लाभास गिळून टाकते. वजन उतरविण्याची नवी इंजेक्शने घेणाऱ्या स्त्रियांनीही ती गर्भ राहण्यापूर्वी पुरेसा काळ आधी, डॉक्टरांना विचारून, बंद करावयाची असतात.

व्यायामाबाबत काशीइतके बोलके गाव विरळा. तुलसीघाटावरचा आखाडा, तेथील गदा व जोडी, तांबडी माती आणि गंगेत पोहणारी मुले हे येथल्या सकाळीचे नित्य दृश्य होय. पण ही व्यायामपरंपरा फार काळ पुरुषांचीच राहिली. स्त्रीच्या व्यायामाविषयी घरात दोनच मते असत: घरकाम हाच व्यायाम पुरे, किंवा व्यायामाने गर्भाशय सरकते. दोन्ही निराधार आहेत. डेन्मार्कमध्ये मूल होऊ इच्छिणाऱ्या ३,६२८ स्त्रियांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. भरभर चालणे, सायकल, बागकाम असा मध्यम व्यायाम करणाऱ्या स्त्रियांस, त्यांचे वजन काहीही असो, गर्भ किंचित लवकर राहिला. धावण्यासारखा जोराचा व्यायाम आठवड्यातून पाच तास किंवा अधिक करणाऱ्या सडपातळ स्त्रियांस मात्र उशीर लागला. तोच जोराचा व्यायाम स्थूल स्त्रियांस बाधला नाही. कारण वर आलेच आहे: शिलकी खात्यातून खर्च केला तर चालतो, तुटीच्या खात्यातून केला तर मेंदू हात आखडतो. स्पर्धांसाठी तयारी करणाऱ्या धावपटू मुलीची पाळी थांबली, तर तिने धावणे कायमचे सोडण्याची गरज नसते. खाणे वाढवून व श्रम थोडे कमी करून बहुधा काही महिन्यांत ती परत येते. परंतु पाळी थांबणे ही चांगल्या तयारीची खूण आहे असे जे काही प्रशिक्षक सांगतात, ते चूक आहे. अशा मुलींची हाडेही ठिसूळ होतात.

ऊस तोडणारी, वीटभट्टीवर राबणारी किंवा डोक्यावर पाणी वाहणारी बाई कोणत्याही व्यायामशाळेत जात नाही. तिचा जोराचा व्यायाम पाच तासांचा नसून पन्नास तासांचा असतो. तिला चालण्याचा उपदेश करणाऱ्याने आधी तिच्या ताटात काय पडते ते विचारावे.

क्षेत्राविषयी येथे थोडक्यातच सांगता येईल, कारण त्याचा वजन-व्यायामाशी संबंध थोडा. गर्भनलिका बंद असतील, तर पाळी नियमित, वजन योग्य आणि दिवस अचूक असूनही बीज व शुक्रजंतू यांची भेट होत नाही. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. फुप्फुसांत काहीच लक्षण नसताना तो नलिकांत दडून बसू शकतो. ज्यांच्या नलिका निकामी आहेत अशांसाठीच परीक्षानळीतील गर्भधारणेची रीत मुळात निघाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी तसे मूल जन्मास आले, आणि त्याआधी १९७८ मध्ये कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी तेच साधले असता त्यांच्या वाट्यास अविश्वास आला, हा इतिहास मराठी वाचकांस ठाऊक आहे.

राहिले बीज. सुश्रुताने ते दोघांचे मानले, समाजाने ते स्त्रीच्याच माथी मारले. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण आढळते. स्थूलपणा पुरुषासही बाधतो. पोट व मांड्यांची चरबी वृषणांचे तापमान वाढविते आणि पुरुषी अंतःस्रावाचा काही भाग स्त्री-अंतःस्रावात बदलून टाकते. धूम्रपानाने शुक्रजंतूंची हानी होते, तापाने ती तात्पुरती होते. व्यायामाबाबत मात्र आजच्या व्यायामशाळांत एक विपरीत प्रकार चालतो. दंड लवकर फुगावेत म्हणून तरुण टेस्टोस्टेरोन व तत्सम द्रव्यांची इंजेक्शने घेतात. बाहेरून हे द्रव्य मिळू लागले, की पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देणे बंद करते आणि शुक्रजंतूंची उत्पत्ती घटते, कधी शून्यावर येते. बाहेरून पहिलवान दिसणाऱ्या या तरुणाची बायको मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून उपास धरते! आखाड्याच्या जुन्या वस्तादांनी दूध-तूप आणि बैठका यांपलीकडे शिष्यास काही दिले नाही, हे त्यांचे उपकारच म्हणावयाचे.

पुरुषाची तपासणी स्त्रीच्या तपासणीपेक्षा सोपी, स्वस्त आणि वेदनारहित असते. दोन ते सात दिवस संयम ठेवून वीर्याचा नमुना द्यावयाचा. दोष निघाला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावयाचे. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास अडीच-तीन महिने लागतात, म्हणून आज सोडलेल्या विडीचा किंवा उतरविलेल्या वजनाचा परिणाम आजच्या नमुन्यात दिसत नाही. इंजेक्शनांचा परिणाम ओसरण्यास याहूनही पुष्कळ अधिक काळ जातो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, याचेही ठोकताळे आहेत. पस्तिशीच्या आतील स्त्रीने वर्षभर प्रयत्न करून पाहावा. तेवढ्या काळात शंभरांतील चौऱ्याऐंशी-पंचाऐंशी जोडप्यांना गर्भ राहतो. पस्तिशीनंतर सहा महिनेच थांबावे. पाळी अनियमित असेल, बंद झालेली असेल, पूर्वी क्षय झालेला असेल, तर मुळीच थांबू नये. सोबत मागील सहा पाळ्यांच्या तारखा, दोघांचे वजन, आणि नवऱ्याने काही औषधे किंवा इंजेक्शने घेतली असल्यास त्यांची नावे लिहून न्यावीत.

लोलार्क कुंडाच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर, लंका चौकापलीकडे, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाचे आवार लागते. तेथील रुग्णालयात आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक शेजारी शेजारी नांदतात. षष्ठीचे स्नान आटोपून जोडपे मोकळे होते, तेव्हा सकाळ बरीच उरलेली असते. कुंडात उतरताना पतिपत्नी दोघांनीही उतरावयाचे असते. एकट्या स्त्रीचे स्नान रूढीस मान्य नाही.